न परतीचे इलेक्ट्रॉन

"पण कॅमेऱ्याला विषबाधा झाली तर?" भांडार अधीक्षक इंगवल्यांनी विचारलं, आणि बैठकीत कुणीच हसलं नाही.

मला तर हसायची सोयच नव्हती. उत्तर मला द्यायचं होतं.

"विष गोठवलेलं असतं, सर," मी म्हटलं. "कणभर. तेही वर, यंत्राच्या मधोमध. कॅमेरा पार तळाला. दोघांत मीटरभर अंतर आहे."

"मधे काय आहे?"

"काही नाही. हवासुद्धा नाही. सगळं निर्वात आहे."

"म्हणजे अडवायला काहीच नाही," असं म्हणत इंगवल्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

टेबलाच्या टोकाला आमचे संचालक डॉ. हेरंब कर्णिक डोळे मिटून बसले होते. बैठकीत ते डोळे मिटूनच बसत. तसेच बसल्या बसल्या म्हणाले, "प्रतिविषाची एखादी कुपी खोलीत ठेवली तर?"

"कॅमेऱ्यासाठी, सर?"

"सावधगिरी म्हणून हो, चौगुलेबाई."

या गोष्टीला दहा-अकरा वर्षं झाली. कोल्हापूरच्या बाहेर, चारी बाजूंनी ऊस असलेल्या एका संशोधन संस्थेत मी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवायचे. छताला टेकेल एवढं उंच यंत्र. वरच्या टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारी गन, मधे नमुना आणि तळाशी तो कॅमेरा. साधा कॅमेरा उजेड टिपतो. हा इलेक्ट्रॉनच थेट अंगावर घेतो. म्हणून तो जे दाखवतो ते दुसरा दाखवत नाही, आणि म्हणूनच तो लहान मुलाच्या टाळूसारखा नाजूक. त्याच्यावर एक चकाकणारा पडदा असतो. आधी इलेक्ट्रॉनांचा किरण त्या पडद्यावर घ्यायचा, पसरवायचा, त्याचा जोर मोजायचा, आणि मगच पडदा उचलून कॅमेरा उघडा करायचा. कॅमेरा सांभाळायची विद्या म्हणजे एवढीच. किरण एकवटलेला असताना पडदा उचलला गेला, तर दोन सेकंदांत कायमचा डाग.

तसा डाग आमच्याकडे उद्घाटनाच्याच दिवशी पडला. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि चित्राच्या डाव्या कोपऱ्यात मोहरीएवढा काळा ठिपका उमटला, तो कायमचा. अहवालात कारण लिहिलं गेलं: 'विजेच्या दाबातील चढउतार.' अहवाल दिल्लीला गेला, मंजूर झाला. पाठोपाठ कपाटाएवढा स्टॅबिलायझर आला. त्याचंही उद्घाटन झालं. या वेळी पाहुण्यांच्या हाती बटण दिलं नाही, नारळ दिला. आणि मग कॅमेऱ्यासाठी संरक्षण समिती नेमण्यात आली.

समितीत तिघं जण होते. संचालक, इंगवले आणि सुरक्षा अधिकारी सुभेदार रंगराव साळोखे. मी फक्त बोलावलं की जायचं. पहिल्याच बैठकीत पहिला नियम झाला: 'कॅमेऱ्यावर कोणत्याही परिस्थितीत इलेक्ट्रॉन पडू नयेत.'

"सर," मी म्हटलं होतं, "त्याच्यावर इलेक्ट्रॉन पडायलाच हवेत. तो त्यासाठीच आहे."

कर्णिकांनी बराच वेळ विचार केला आणि नियमात एक शब्द वाढवला. 'अनधिकृत इलेक्ट्रॉन पडू नयेत.' अधिकृत कोणते, हे ठरवायचं काम पुढच्या बैठकीवर ठेवलं. ते त्यानंतरच्या प्रत्येक बैठकीत पुढच्या बैठकीवर ठेवलं गेलं.

अकरा महिने. रोज सकाळी मी कॅमेरा नीट थंड आहे ना ते बघायचे, निर्वात तपासायचे आणि समितीने छापून दिलेल्या तक्त्यात लिहायचे: 'आज पडलेले इलेक्ट्रॉन: शून्य.' खाली सही. दाराशी लोखंडी खुर्चीवर साळोखे बसायचे, त्यांचीही सही. वार्षिक अहवालात 'शंभर टक्के संरक्षण' असं ठळक अक्षरात आलं. मी त्यावर फारसं भांडले नाही.

भांडत होत्या त्या डॉ. रुबिना शिकलगार. तीस वर्षं त्यांनी सापाच्या विषावर काम केलं होतं. ऊसतोडीच्या दिवसांत आमच्या भागातल्या दवाखान्यांत घोणस चावलेली माणसं येतात. काही वाचतात, काही हातपाय गमावून बसतात, काही जातात. शिकलगार मॅडमना विलास भोपळे नावाचा एक सर्पमित्र सापडला होता. वीस वर्षांत चार वेळा त्याला घोणस चावली होती, आणि चौथ्या वेळी तो दवाखान्यातून दोन दिवसांत चालत घरी गेला होता. त्याच्या रक्तात विषाला धरून ठेवणारं काहीतरी तयार झालं होतं. मॅडमनी त्याचं रक्त मागून घेतलं, त्यातलं ते 'काहीतरी' वेगळं काढलं, विषाला चिकटवलं आणि टिकलीहून लहान अशा तांब्याच्या जाळ्यांवर गोठवून ठेवलं. आता फक्त बघायचं होतं, ते विषाला नेमकं कुठं धरतं. ते कळलं तर तसंच औषध बनवायची वाट दिसणार होती.

चार वेळा घोणशीच्या तोंडातून सुटलेल्या विलासला दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉलीनं उडवलं. पुन्हा रक्त मिळणं नव्हतं. होत्या त्या बाराच जाळ्या, द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये बुडवलेल्या. आणि एकतीस तारखेला मॅडम निवृत्त होणार होत्या. त्यानंतर तो कॅन भरायला कुणी नव्हतं. नायट्रोजन उडून गेला की जाळ्यांवरचं सगळं पाणी होणार.

त्या दिवशी वीस तारीख होती. आमचा अर्ज समितीपुढे होता, म्हणून विषबाधेची चर्चा.

तासाभराने कर्णिकांनी निर्णय सांगितला. "परवानगी द्यायला समितीची हरकत नाही. शास्त्रज्ञांना आपण कधीच अडवत नाही. एकच अट. काम चालू असताना कॅमेरा बंद ठेवावा."

बाहेर व्हरांड्यात शिकलगार मॅडम उभ्या होत्या. मी सांगितलं. त्या खांबाला टेकल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"मंदाकिनी, ही माणसं मला नाही म्हणत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "नाही म्हटलं असतं तर मी वर गेले असते, कोर्टात गेले असते. ही हो म्हणतात. होच्या विरुद्ध कुठं जायचं?"

मी यंत्राच्या खोलीत येऊन त्या दिवसाचं शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. साळोखे. ते कधी आत येत नसत. त्यांची जागा दाराबाहेर. टोपी नीट करत उभे राहिले.

"मॅडम, ते रक्त म्हंजे आपल्या भोपळ्याचं न्हवं?"

"हो. तुम्ही ओळखायचा त्याला?"

"वळखायचा म्हंजे? आवारात साप निघाला की फोन मीच करायचो. रातीअपराती, कवाबी यायचा गडी. पैसं घ्यायचा न्हाई. च्या मातर दोन कप." त्यांनी बगलेतलं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं. गेट पासचं. पानं उलटून एका स्थळप्रतीवर बोट ठेवलं. मी वाचलं: 'घोणस. नग १. न परतीची. नेणाराची सही: वि. भोपळे.'

"सापाचा गेट पास?"

"साप असू दे, न्हाईतर पंखा. आवारातनं माल हालला की पास." त्यांनी स्थळप्रतीवरचं बोट उचललं. "मॅडम, त्या नेमात अनधिकृत म्हणलंय. त्याचा अर्थ काय?"

"कुणालाच माहीत नाही, सुभेदारसाहेब. अकरा महिने तेच ठरतंय."

"मला म्हाईत हाय," साळोखे म्हणाले. "ज्याचा पास न्हाई ते अनधिकृत. तेवीस वर्सं फौजेत काढली आन् नऊ हितं. दुसरा अर्थ मी ऐकल्याला न्हाई. आन् आवारात पास द्यायचा अधिकार कुणाला? मला."

ते चेष्टा करत नव्हते. त्यांनी खिशातून पेन काढलं, पुस्तकाच्या तीन पानांत दोन कार्बन सरकवले आणि खुर्ची ओढून बसले.

"मालाचं वर्णन?"

"इलेक्ट्रॉन," मी म्हटलं.

"नवं का वापरल्यालं?"

"नवे."

"नग?"

मी कागद ओढला. कॅमेऱ्यावर साधारण एक कोटी चाळीस लाख चौकोन. प्रत्येकावर सेकंदाला दहा इलेक्ट्रॉन. एका चित्राला पाच सेकंद. आणि आम्हाला तीन हजार चित्रं हवी होती. "दोन लाख दहा हजार कोटी," मी सांगितलं. "अंदाजे."

"अंदाजे चालत न्हाई."

"मग दोन लाख दहा हजार कोटी."

त्यांनी ते आकड्यात लिहिलं, मग अक्षरी लिहिलं. "कुठनं येणार?"

"वरून. गनमधून."

पेन थांबलं. "गन? हितं गन हाय?"

"यंत्राच्या डोक्यावर."

"तोंड कुणीकडं?"

"खाली."

"आन् कॅमेरा?"

"बरोबर तिच्या तोंडाखाली."

साळोख्यांनी मान वर करून यंत्राकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "आन् अकरा म्हैनं ही माणसं मला दारावर बसवत्यात?"

त्यांनी उसासा टाकला आणि पुढचा रकाना घेतला. "परतीचं का न परतीचं?"

"आदळले की तारेतून जमिनीत जातात. परत येत नाहीत."

"न परतीचं," त्यांनी लिहिलं. "मुदत बुध, गुरू, शुक्कर. टाईम धा ते पाच. घ्या, सही करा."

मी सही केली. पासाच्या तीन प्रती होत्या. पांढरी फाटकाला, पिवळी माझ्याकडे आणि गुलाबी भांडाराला. गुलाबी प्रत शनिवारी गठ्ठ्यानं जायची. संचालक तेव्हा दिल्लीला होते, 'मौल्यवान उपकरणांचे संरक्षण: आमचा अनुभव' या विषयावर बोलायला. सोमवारपर्यंत आम्हाला विचारणारं कुणी नव्हतं.

बुधवारी सकाळी साळोखे कडक इस्त्रीचा गणवेश घालून आले आणि दाराबाहेर न बसता माझ्या शेजारी बसले. शिकलगार मॅडमनी कॅनमधून जाळ्या काढून दिल्या. त्यांचे हात दगडासारखे स्थिर होते. मी नमुना आत घेतला, किरण पडद्यावर आणला, पसरवला, जोर मोजला. बरोबर होता. पडदा उचलायच्या बटणावर बोट ठेवलं, आणि बोट खाली जाईना.

मी पुन्हा मोजलं. बरोबर. पुन्हा किरण आवळून पुन्हा पसरवला, तिसऱ्यांदा मोजलं.

"मॅडम," साळोखे हलक्या आवाजात म्हणाले, "फायरिंग रेंजवर एखाद्या जवानाचा हात असा थरथरला, की मी इचारायचो. मागं कधी चुकून गोळी उडाली व्हती का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बटण दाबलं.

पाच सेकंद. समोरच्या मॉनिटरवर चित्र उमटलं. राखाडी, रवाळ. डाव्या कोपऱ्यात जुना ठिपका, बाकी काही नाही. नवा डाग नव्हता.

"बिघडला का काय?" साळोख्यांनी विचारलं. "नुसतं पावसाळी आभाळ दिसतंय."

"हेच चित्र आहे, सुभेदार," मॅडम पुढे वाकून म्हणाल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला होता. "हे बारीक बारीक करडे ठिपके आहेत ना? एकेक ठिपका म्हणजे विषाचा एक कण, आणि त्याला धरून बसलेलं विलासच्या रक्तातलं ते. आत्ता नीट नाही दिसायचं. असे लाखो ठिपके एकावर एक ठेवले की दिसेल."

"ह्यातला भोपळे कुठला?"

मॅडमनी एका ठिपक्यावर नख टेकवलं. "हा बघा."

साळोखे त्या ठिपक्याजवळ वाकले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि दिवसभर ती तशीच राहिली.

तीन दिवस आम्ही चित्रं घेतली. पाचच्या ठोक्याला साळोखे उभे राहायचे. "पासाची मुदत संपली." चांगला भाग समोर असला, नमुन्याभोवतीचा बर्फ काचेसारखा स्वच्छ असला, मॅडमनी हातापाया पडल्यासारखं केलं, तरी नाही. पास म्हणजे पास. मी गन बंद करायचे, कॅमेरा मागे घ्यायचे आणि तक्त्यात त्या दिवशी पडलेले इलेक्ट्रॉन लिहायचे. तक्त्यात त्या रकान्याला एकच आकडा मावेल एवढीच जागा होती, म्हणून मागच्या बाजूला लिहावं लागलं. शुक्रवारी पाचला वीस मिनिटं असताना तीन हजारावं चित्र आलं. मी सगळी चाळून पाहिली. नवा डाग एकही नव्हता.

सोमवारी गुलाबी प्रत भांडारात उघडली गेली.

इंगवल्यांनी ती वाचली आणि पहिल्यांदा मालाचा शोध घेतला. दोन लाख दहा हजार कोटी नग संस्थेत आले आहेत आणि भांडारात एकाचीही नोंद नाही, या विचारानं त्यांना घाम फुटला. तीन गोदामं उघडली. माळ्यावरची खोकी खाली काढली. दुपारी ते साळोख्यांकडे आले. "एवढा माल ठेवलाय कुठं?"

"जमिनीत गेला," साळोखे म्हणाले. "न परतीचा व्हता."

तेव्हा कुठं इंगवल्यांनी 'वर्णन' हा रकाना वाचला.

चार वाजता तातडीची बैठक झाली. समितीची सातवी. चहा आला, तो कुणी प्यायला नाही. आधी पासाची चर्चा झाली. पास खरा होता, सही अधिकाऱ्याची होती, रकाने भरलेले होते. त्यात खोट काढता येईना. "अधिकृत म्हणजे पासधारक, असं कुठं लिहिलंय?" इंगवल्यांनी विचारलं. "न्हाई असं तरी कुठं लिवलंय?" साळोख्यांनी विचारलं. कर्णिकांनी डोळे मिटले.

मग इंगवल्यांनी ठराव मांडला. या वेळी काही झालं नाही हे नशीब. पण विजेचा भरवसा काय? एकदा डाग पडलाच आहे. तेव्हा कॅमेरा यंत्रातून काढून मूळ खोक्यात भरावा आणि भांडाराच्या आतल्या खोलीत सीलबंद ठेवावा. कायमचा.

"योग्य आहे," कर्णिक म्हणाले. "वीज कधी दगा देईल सांगता येत नाही."

मी उभी राहिले. कुणी मला बोलायला सांगितलं नव्हतं.

"सर, ती वीज नव्हती. मी होते."

इंगवल्यांनी वहीतून मान वर केली.

"उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना किरण ठसठशीत दिसावा म्हणून मी तो पडद्यावर एकवटला होता. कॅमेरा उघडण्याआधी तो पसरवायला हवा होता. मी विसरले. माझं लक्ष फोटोवाल्याकडे होतं. आणि मीच त्यांना म्हटलं, 'दाबा, साहेब.' विजेनं काहीही केलं नाही. नीट वापरला तर डाग पडत नाही, सर. तीन हजार चित्रं घेतली, एक नवा डाग दाखवा. तो खोक्यात भरू नका. हवं तर मला काढा."

कर्णिकांनी डोळे उघडले. बैठकीत त्यांचे उघडे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले. ते पिंगट होते.

"चौगुलेबाई, असं बोलू नका."

"खरं आहे, सर."

"खरं असेल. पण मंजूर झालेलं नाही. मंजूर वीज झालेली आहे." ते पुढे झुकले. "तुमच्यामुळे डाग पडला असेल, तर तो स्टॅबिलायझर आपण कशासाठी घेतला?"

"मला माहीत नाही, सर."

"मलाही माहीत नसेल, मग. दिल्लीलाही नसेल. विचार करा."

इंगवल्यांचं पेन वहीवर टेकलेलं होतं. "सर, बाईंचं हे बोलणं इतिवृत्तात घेऊ?"

"छे! छे!"

"पण ठराव घ्यायचा तर सगळी चर्चा घ्यावी लागते. अर्धी घेता येत नाही. नियम आहे."

"मग काहीच घेऊ नका."

"इतिवृत्त नाही म्हणजे बैठक झाली नाही, सर."

कर्णिकांनी खिडकीबाहेरच्या उसाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटकेची कळा आली. "नाहीच झाली," ते म्हणाले. "आपण चहाला जमलो होतो."

लगेच त्यांनी कप उचलला. इंगवल्यांनी उचलला. मग साळोख्यांनी आणि मीही. गार, साय धरलेला चहा आम्ही चौघांनी न बोलता संपवला, आणि बैठक झाली नाही.

"म्हंजे कॅमेरा हाय तितंच?" साळोख्यांनी विचारलं.

"कुठला कॅमेरा?" कर्णिक म्हणाले. "चहाच्या वेळी कामाचं बोलू नका."

त्यानंतर समितीची बैठक कधीच भरली नाही. भरवायची तर आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करावं लागतं, ते नव्हतं. सातवी झाली नाही म्हणून आठवी घेता येईना. आणि सातवी नव्यानं घ्यावी, तर ती झाली होती हे सगळ्यांना माहीत होतं.

बाहेर आल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अकरा महिने जे घशात धरून ठेवलं होतं, ते एकदाचं बोलले आणि ते जागच्या जागी नाहीसं करण्यात आलं. शिक्षा नाही, माफी नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसले. साळोखे येऊन दोन पायऱ्या खाली उभे राहिले.

"तवा हात का थरथरला ते आज कळलं," ते म्हणाले.

"रागावलात?"

"मी? मॅडम, ज्याच्याकडनं येकदा चुकून उडालीय, त्यालाच मी रेंजवर म्होरं उभा करायचो. बाकीची पोरं मागं हासायची. पर त्यो दुसऱ्यांदा चुकत न्हाई." त्यांनी बगलेतलं पुस्तक काढलं. "उद्याचा पास काढायचा का?"

उद्याचा काढला, परवाचाही काढला. साळोखे निवृत्त होईपर्यंत रोज निघत राहिला. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला मात्र इलेक्ट्रॉनचा पास असतो हे काही केल्या पटलं नाही.

शिकलगार मॅडम एकतीस तारखेला निवृत्त झाल्या आणि एक तारखेला नेहमीच्या वेळी हजर झाल्या. पगार नाही, खोली नाही. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून त्या ठिपके एकावर एक ठेवत राहिल्या. दोन वर्षं लागली. मग एके दुपारी त्यांनी मला हाक मारली. विषाच्या कणाला एक खोबण होती, आणि विलासच्या रक्तातलं ते तिच्यात, कुलपात किल्ली अडकून बसावी तसं बसलेलं होतं. मॅडमनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यावरून औषध बनवायचं काम दुसऱ्या एका प्रयोगशाळेत अजून चालू आहे. अशी कामं हळू चालतात.

कॅमेरा सात वर्षं चालला. कितीही जपलं तरी प्रत्येक इलेक्ट्रॉन त्याचं आयुष्य थोडं थोडं खातोच. शेवटी शेवटी चित्रं अंधूक यायला लागली, जागोजाग चौकोन आंधळे झाले, आणि मी तो निकामी ठरवायचा अर्ज भरायला घेतला. 'निकामी होण्याचे कारण' यापुढे पर्याय छापलेले होते: आग, पाणी, वीज, उंदीर, चोरी, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'वापर.'

दुसऱ्या दिवशी भांडारातून फोन आला. इंगवले केव्हाच निवृत्त झाले होते. नवीन मुलगी होती, आवाजावरून फार तर पंचविशीची.

"मॅडम, कारणात तुम्ही 'वापर' लिहिलंय. चुकून का?"

"नाही."

"पण मॅडम, मी मागच्या सगळ्या फायली बघितल्या. आपल्याकडे वापरून खराब झालेली एकही वस्तू नाही. वीज लिहू का? वीज लगेच होते."

"वापरच राहू दे," मी म्हटलं.

"मग खालचा रकानाही भरावा लागेल. 'जबाबदार व्यक्तीचे नाव.' बाकीच्या कारणांना तो लागत नाही."

"अर्ज परत पाठव," मी म्हटलं.

अर्ज आला. त्या रकान्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं, मंदाकिनी शंकर चौगुले, आणि खाली तारीख घातली. चार दिवसांनी तो परत आला. त्यावर निळ्या शाईचा शिक्का होता: मंजूर.